मुसकं आवळायचं नसतं : छोट्या कुत्र्याचं मुसकं निवडताना आणि वापरताना

(जळगाव-धुळे परिसरातल्या श्वानपालकांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषय ऐकून काही जणांना गंमत वाटली असेल. कुत्रं छोटं, त्याचं मुसकं त्याहून छोटं, त्यावर तासभर काय बोलणार? पण मी एका चुकीपासून सुरुवात करतो, आणि ती चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारची वेळ. एका घरून फोन आला. त्यांच्या पॉमेरेनियनचं नख मुळातून उखडलं होतं. साडेचार किलोचा जीव, पण पायाला हात लावू देत नव्हता, घरातल्या मुलाच्या अंगावर धावून गेला. मी म्हणालो, "मुसकं बांधा आणि घेऊन या." एवढंच म्हणालो. त्यांनी धावपळ करून कापडी मुसकं आणलं, घट्ट बांधलं आणि मोटारसायकलवर मांडीत घेऊन उन्हातून वीसेक किलोमीटर आले. माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याचं तापमान १०८ अंश फॅरनहाइट होतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. मुसकं काढलं, पाणी मारलं, पंखा, सलाईन, सगळं केलं. संध्याकाळी तो गेला.

नख उखडल्याने कुत्रं मरत नाही. उन्हात तोंड बंद राहिलं म्हणून तो गेला. कोणतं मुसकं, किती वेळ, कोणत्या वेळी, यातलं एकही वाक्य मी फोनवर बोललो नव्हतो. आजचं व्याख्यान म्हणजे तो अर्धा राहिलेला फोन समजा.

बैलाचं मुसकं आठवा

मुसकं हा शब्द आपल्याला नवा नाही. कपाशीत कोळपणी चालू असते तेव्हा बैलाने पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं घालतात. मळणीच्या वेळी धान्याला तोंड लावू नये म्हणूनही घालतात. ते कसं असतं आठवा. दोरीचं, जाळीचं, सैल. आत बैलाचं तोंड हलतं, जीभ हलते, श्वास मोकळा असतो. त्याला फक्त पिकापर्यंत पोहोचता येत नाही. काम संपलं की पहिलं मुसकं निघतं आणि मग पाणी दाखवलं जातं. आपल्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण जबडा आवळून बांधलेला बैल उन्हात औत ओढू शकणार नाही हे त्यांना कळत होतं.

शहरात आलो, दुकानात 'मझल' म्हणून मागायला लागलो आणि नेमकं हेच विसरलो. पेपरात रोज वाचतो, 'चोरट्यांच्या मुसक्या आवळल्या'. ते आवळणं डोक्यात बसलंय. कुत्र्याचं मुसकं आवळायचं नसतं. त्याने दात लावू नयेत एवढ्यासाठी ते असतं. जबडा बंद करणं हे त्याचं काम नाही.

कुत्र्याचं तोंड म्हणजे त्याचा कूलर

आपल्याकडे मार्च संपता संपता घरोघरी कूलर उतरतात. कूलर कसा चालतो? ओल्या जाळीतून हवा जाते, पाणी उडतं, हवा गार होते. कुत्रं धापा टाकतं तेव्हा हेच करतं. ओली जीभ, ओलं तोंड, ओलं नाक, त्यावरून वेगाने हवा जाते आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. पंजाच्या गादीला थोडा घाम येतो, पण त्याने अंग गार होत नाही.

आता जळगाव-भुसावळला ४४-४५ अंश असताना कूलरच्या जाळीवर प्लास्टिक गुंडाळा. घट्ट कापडी मुसकं कुत्र्याच्या बाबतीत हेच करतं. तोंड उघडत नाही, जीभ बाहेर येत नाही, धाप टाकता येत नाही. त्यात भीती असते, झटापट असते, म्हणजे अंगात उष्णता आणखी तयार होते. छोटं कुत्रं तर जमिनीपासून वीतभरच उंच, डांबराची धग थेट पोटाला लागते.

त्यामुळे युरोप-अमेरिकेत मुसक्याबद्दल जे लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं घेऊ नका. आपल्याकडे पहिला प्रश्न हाच: हे घातल्यावर धाप टाकता येते का?

बाजारात काय मिळतं

ढोबळमानाने तीन प्रकार.

पहिला, नायलॉनचं किंवा कापडाचं नळीसारखं मुसकं. स्वस्त असतं, खिशात मावतं, म्हणून सगळ्यात जास्त हेच खपतं. ते जबडा बंद करतं. कुत्र्याला पाणी पिता येत नाही, उलटी झाली तर ती बाहेर पडत नाही, श्वासनलिकेत जाऊ शकते. दवाखान्यात डॉक्टर समोर असताना, इंजेक्शनपुरतं, पाच मिनिटं, एवढाच त्याचा उपयोग. फिरायला नेताना नाही, गाडीत नाही, उन्हात तर कधीच नाही.

दुसरा, टोपलीसारखं मुसकं. प्लास्टिक, रबर, सिलिकॉन किंवा तारेचं. बैलाच्या मुसक्याचा हाच भाऊ. आत तोंड उघडतं, धाप टाकता येते, पाणी पिता येतं, जाळीतून खाऊ देता येतो. घ्यायचं तर हेच. पाच-सात किलोच्या कुत्र्याला तारेचं मुसकं जड होतं आणि आपल्या उन्हात तार तापते, म्हणून छोट्यांसाठी हलकं प्लास्टिक किंवा मऊ सिलिकॉन बरं. मात्र जाळीची भोकं मोठी हवीत. काही टोपल्यांना नावापुरती चार भोकं असतात, त्यातून हवा खेळत नाही.

तिसरा, पूर्ण चेहऱ्यावर बसणारा जाळीचा मुखवटा. हा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी असतो. त्याबद्दल पुढे बोलतो.

माप कसं घ्यायचं

'स्मॉल', 'मीडियम' बघून घेऊ नका. वजनावरूनही घेऊ नका. पॉम आणि डॅशहंड दोघंही सहा किलोचे असतील, पण एकाचं तोंड आखूड आणि दुसऱ्याचं लांब, निमुळतं. शिंप्याची टेप घ्या. नसेल तर सुतळीने मोजा आणि सुतळी पट्टीवर ठेवा. चार मापं लागतात.

एक, लांबी. डोळ्यांच्या थोडं खालून नाकाच्या टोकापर्यंत. टोपली यापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर लांब हवी. नाक समोर टेकता कामा नये.

दोन, घेर. डोळ्यांच्या एक बोट खाली, तोंडाचा सगळ्यात जाड भाग, तोंड मिटलेलं असताना. टोपलीचा आतला घेर यापेक्षा चांगला मोठा हवा, कारण तोंड आत उघडायचं आहे.

तीन, उंची. हे माप लोक घेतच नाहीत आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कुत्रं खेळून आलं की धापा टाकतं, तेव्हा वरच्या नाकाडापासून खालच्या हनुवटीपर्यंत किती अंतर होतं ते पाहा. टोपलीची आतली उंची किमान तेवढी हवी.

चार, गळा. कानांच्या मागे. पॉमचे केस फुगलेले असतात, ते बाजूला सारून मोजा, नाहीतर पट्टा सैल राहील आणि तो एका झटक्यात मुसकं काढून टाकेल.

घातल्यावर तपासा. पट्ट्याखाली एक बोट सहज जावं, दोन-तीन गेली तर सैल आहे. वरची कड डोळ्याला लागू नये. जीभ पूर्ण बाहेर येते का? वाटीतलं पाणी पिता येतं का? जाळीतून पनीरचा तुकडा घेता येतो का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तरच ते मुसकं ठेवा. दहा मिनिटांनी काढून नाकाडावर घासल्याच्या खुणा आहेत का तेही पाहा.

आता चपट्या तोंडाचे. पग, शिह त्झू आणि काही प्रमाणात ल्हासा. यांना नाकाड जवळजवळ नसतंच, त्यामुळे साधं मुसकं एकतर घसरतं नाहीतर डोळ्यावर जातं, आणि यांचे डोळे आधीच बाहेर आलेले असतात. शिवाय यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. यांना उन्हाळ्यात मुसकं न घालणंच उत्तम. दवाखान्यात गरज पडली तर मानेभोवती जाड टॉवेलची गुंडाळी धरतात, किंवा डॉक्टर गुंगीचं औषध देतात. घरी प्रयोग करू नका.

गरज पडण्याआधी शिकवा

मुसकं विकत आणलं आणि त्याच दिवशी घातलं, की कुत्र्याच्या डोक्यात एकच हिशोब बसतो: ही वस्तू आली म्हणजे दुखणार. पुढच्या वेळी नुसतं मुसकं दिसलं तरी तो पलंगाखाली जातो. म्हणून जखम होण्याआधी, सगळं ठीक असताना शिकवायचं. दोन ते तीन आठवडे, रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी किंवा रात्री.

पहिले दोन दिवस मुसकं फक्त जमिनीवर ठेवा आणि शेजारी खाऊ द्या. मुसकं आलं की खाऊ येतो, मुसकं गेलं की खाऊ बंद.

मग मुसकं वाटीसारखं धरा आणि आत खाऊ ठेवा. त्याने आपणहून तोंड घालायचं. तुम्ही तोंडावर चढवायचं नाही. खाऊ म्हणजे महागाचं काही नको. दह्यात कालवलेली भाकरी, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, पनीर, मीठ-मसाला न घातलेलं चिकन. कळण्याची भाकरीही चालेल, ठेचा मात्र आपल्यासाठी. (हशा) कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला देऊ नका, ती त्याला विषारी आहेत.

तोंड आत घालून पाच अंक, मग दहा अंक मोजेपर्यंत थांबायला लागला, की पट्टा कानामागे नुसता टेकवा. नंतर दोन सेकंद लावा, खाऊ द्या, काढा. मग अर्धा मिनिट, एक मिनिट, पाच मिनिटं, मग घरात चालणं, मग अंगणात. पंजाने ओरबाडायला लागला तर समजा आपण घाई केली. रागवायचं नाही, एक पायरी मागे जायचं.

आणि शिकल्यावरही मधूनमधून उगाच घाला. घातलं आणि फिरायला नेलं, घातलं आणि खाऊ दिला. फक्त नखं कापायची म्हटली की मुसकं काढायचं, असं झालं तर सगळी मेहनत वाया.

कधी घालायचं, कधी नाही

घालायचं ते जखम साफ करताना, नखं कापताना, दवाखान्यात. रस्त्यावरचं काहीही तोंडात घालण्याची सवय असेल तर फिरताना. चावण्याचा इतिहास असेल आणि गर्दीतून न्यावं लागत असेल तर.

घालायचं नाही ते भुंकणं थांबवायला, चप्पल कुरतडली म्हणून शिक्षा म्हणून, झोपताना, आणि एकटं सोडून जाताना. पट्टा कुठे अडकला तर सोडवायला कुणी नसतं. उलटी होत असेल, धाप लागली असेल, आकडी आली असेल, बेशुद्ध असेल, तर कोणतंही मुसकं घालायचं नाही.

एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच बाहेर काढा. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवा, सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पायही भाजतील. मुसकं घातलं असताना पाण्याची बाटली बरोबर हवीच.

जोरजोरात धाप, चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, झोकांड्या, ही उष्माघाताची लक्षणं. सगळ्यात आधी मुसकं काढा. सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला. बर्फ नको, साधं गार पाणी. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं प्यायला द्या आणि अंग ओलं ठेवूनच दवाखाना गाठा.

अपघात झालाय आणि घरात मुसकंच नाही, तर? गॉझची पट्टी किंवा जुनी ओढणी घ्या. सैल फास करून नाकाडावर घाला, वर एक गाठ, मग टोकं हनुवटीखाली नेऊन एकदा फिरवा आणि कानांमागे सुटणारी गाठ मारा. हे जबडा बंद करणारं बांधणं आहे, म्हणून मोजून काही मिनिटं, तेही सावलीत. टॅक्सीत बसलात, कुत्रं आवरलं, की सोडा. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला हे करायचं नाही.

मुसकं म्हणजे लस नव्हे

आपल्याकडे म्हणतात ना, "इतलासा तर शे, काय चावी तो!" एवढासा तर आहे, काय चावणार. पण एवढासा असला तरी लहान मुलाचं तोंड त्याच्या टप्प्यात असतं, आणि रेबीजला कुत्र्याचा आकार कळत नाही.

इतिहासात एक काळ असा होता की मुसकं हेच रेबीजवरचं हत्यार होतं. इंग्लंडमध्ये १८९७ पासून कुत्र्यांना मुसकी सक्तीची केली, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना वेगळं ठेवण्याचे नियम केले, आणि १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज गेला. लोकांनी त्या सक्तीला भरपूर विरोधही केला होता. पण तेव्हा कुत्र्यांना देण्याजोगी लस हातात नव्हती. आज आहे. शेजारच्या गोव्यात गेल्या दशकात कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. ते लसीने झालं, मुसक्याने नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस, दरवर्षी.

आणि तरीही कुणाला दात लागला, अगदी आपल्या लस दिलेल्या कुत्र्याचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना, तेल, काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. कातडीत द्यायच्या इंजेक्शनचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही देतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून एकही डोस चुकवू नका.

अजून एक. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, तर "घशात हाड अडकलं" म्हणून तोंडात हात घालू नका आणि मुसकं बांधायलाही जाऊ नका. तो रेबीज असू शकतो. खोलीचं दार बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*डॉक्टर, आमचा पॉम आठ वर्षं कुणाला चावला नाही. आता महिनाभरापासून उचलायला गेलं की चावतो. मुसकं घालून ठेवू का?*

नाही ताई. आठ वर्षांनी अचानक चावतो याचा अर्थ बहुतेक वेळा कुठेतरी दुखतंय. छोट्या कुत्र्यांचे दात लवकर खराब होतात. कान दुखत असेल, पाठ दुखत असेल. आधी तपासून घ्या. मुसक्याने चावणं थांबेल, दुखणं थांबणार नाही. आणि तो गुरगुरला तर त्याला मारू नका. गुरगुरणं म्हणजे तो आधी सांगतोय. ते मारून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

*घरात दीड वर्षाचा नातू आहे. दिवसभर मुसकं ठेवलं तर चालेल का?*

बाबा, दिवसभर नाहीच. मूल आणि कुत्रं दोघांवर मोठ्या माणसाची नजर असेल तेव्हाच एकत्र ठेवा. नाहीतर मध्ये दार, नाहीतर जाळीचं फाटक. कुत्रं जेवत असताना, झोपलं असताना नातवाला लांब ठेवा.

*गल्लीत मोकाट कुत्री फार आहेत. मुसकं घातलेलं असताना ती अंगावर आली तर?*

खरी अडचण आहे, भाऊ. मुसकं घातलेलं छोटं कुत्रं स्वतःला वाचवू शकत नाही. अशा गल्लीत रात्री चालत नेऊ नका. दोरी आखूड धरा, वेळ आणि रस्ता बदला. चावण्याची सवय नसेल तर रोजच्या फिरण्याला मुसक्याची गरजच नाही, दोरी पुरे.

*कायद्याने मुसकं सक्तीचं आहे का?*

स्थानिक नियम महापालिकेत विचारून घ्या. पण एक गोष्ट सगळीकडे लागू आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रं किती किलोचं आहे, हे तिथे विचारत नाहीत.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आता मला कुणाचा तसा फोन आला तर मी असं बोलतो: "मुसकं टोपलीचं आहे का? नसेल तर घालू नका, जाड टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, तोंड मोकळं ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड धरा. घाई नसेल तर ऊन उतरल्यावर या. आत्ताच यायचं असेल तर रिक्षाने या, बरोबर पाणी घ्या, आणि वाटेत धाप वाढली तर सगळं सोडा आणि आधी त्याला ओलं करा." पाऊण मिनिट लागतं बोलायला. तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडे छोटं कुत्रं आहे, त्यांनाही हे सांगून ठेवा.